हर्पिसचे वाण, प्राण्यांचे डोळे आणि प्रयोगशाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या वाचकांकडून सतत येत असतात: सूक्ष्मजीवशास्त्र आणि पशुवैद्यक शिकणारे विद्यार्थी, डोळ्यातील हर्पिस पुन्हा पुन्हा उलटल्याने हैराण झालेले रुग्ण, आणि घरच्या मांजराचे डोळे चिकटलेले पाहून घाबरलेले लोक. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असे लिहिले आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हर्पिस म्हणजे नागीणच ना? मग डोळ्यातला हर्पिस म्हणजे डोळ्यावरची नागीण का?

नाही, आणि हा घोळ मराठीत फार जुना आहे. ज्याला आपण नागीण म्हणतो तो हर्पिस झोस्टर होय. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. या पानावर ज्याची चर्चा आहे तो हर्पिस सिम्प्लेक्स, विशेषतः त्याचा पहिला प्रकार. ताप उतरताना ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो, तो याच विषाणूचा. दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत, दोन्ही मज्जातंतूंत दडून राहतात आणि दोन्ही डोळ्याला इजा करू शकतात. परंतु त्यांचे वागणे वेगळे आहे. नागिणीचा विषाणू उंदराच्या डोळ्यात माणसासारखा रोग निर्माण करत नाही, सिम्प्लेक्स मात्र करतो. प्राण्यांवरील बहुतेक संशोधन सिम्प्लेक्सभोवती फिरते याचे हे एक साधे कारण आहे.

पावसाळ्यात घरोघरी जे ‘डोळे येतात’ तो प्रकार निराळा. त्याच्या मुळाशी बहुधा अ‍ॅडेनोव्हायरस असतो. सिम्प्लेक्सचा मुख्य मारा पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक घुमटावर होतो, आणि तो बरा होताना व्रण राहिला तर आपण ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतो.

२. विषाणूचा ‘वाण’ म्हणजे नेमके काय? तो प्रकार एक आणि प्रकार दोन यांपेक्षा वेगळा असतो का?

प्रकार एक आणि प्रकार दोन हे वेगळे विषाणू मानावेत इतके भिन्न आहेत. वाण, म्हणजे इंग्रजी वळणाने ‘स्ट्रेन’, हा एकाच प्रकारातला पोटभेद. एखाद्या रुग्णाच्या ओठावरून किंवा डोळ्यातून विषाणू मिळवला, प्रयोगशाळेत वाढवला, त्याला नाव दिले आणि तो जपून ठेवला, की तो एक वाण झाला. हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार एकच्या जनुकसंचात सुमारे १,५२,००० अक्षरजोड्या असतात. त्याचा पहिला संपूर्ण नकाशा १९८८ मध्ये ग्लासगो येथील शास्त्रज्ञांनी ‘१७’ नावाच्या वाणावरून प्रसिद्ध केला. दोन वाणांमधला फरक या एकूण लांबीच्या साधारण एक टक्क्याच्या आसपास असतो. आकडा लहान वाटला तरी रोगाचे रूप पालटायला तो पुरतो.

डोळ्याच्या संशोधनात पुन्हा पुन्हा भेटणारी नावे म्हणजे १७, केओएस, एफ, मॅक्रे आणि आरई. पुढे प्रश्न ९ मध्ये ओडी४ आणि सीजे९९४ ही नावेही येतील. केओएस मुळात ओठावरच्या फोडांतून आला, तर मॅक्रे फ्लोरिडातील एका रुग्णाच्या डोळ्यातून. ‘केओएस’ असे लेबल लावलेल्या कुप्याही सर्वत्र सारख्या नसतात. अनेक दशके वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वाढवल्यामुळे त्याच्या उपवाणांत मोजता येण्याजोगे जनुकीय फरक सापडले आहेत. एकाच लोणच्याची बरणी चार घरांत वाटली आणि चारही घरांनी त्यात आपापली भर घातली, तसा हा प्रकार आहे.

३. पेशींवर प्रयोग करता येतात, तर जिवंत प्राण्याच्या डोळ्याची गरजच काय?

विषाणू पेशीत किती वेगाने वाढतो हे पेशींच्या थाळीत कळते. परंतु थाळीत मज्जातंतू पारपटलातून निघून मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतागाठीपर्यंत, म्हणजे मज्जापेशींच्या पुंजक्यापर्यंत, जात नाही, तिथे अश्रू नसतात, पापणी मिटत नाही, आणि रक्तातून टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, धावून येत नाहीत. डोळ्याचे नुकसान घडते ते नेमके या गोष्टींच्या झटापटीत.

या क्षेत्राचा पायाच सशाच्या डोळ्यावर घातला गेला. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म ग्रूटर यांनी १९१२ च्या सुमारास रुग्णाच्या पारपटलावरील हर्पिसचा द्राव सशाच्या पारपटलावर लावला आणि तिथे तसाच रोग उमटलेला पाहिला. हा रोग संसर्गजन्य आहे याचा तो पुरावा होता. १९२३ मध्ये गुडपास्चर आणि टीग यांनी सशांमध्ये दाखवले की विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने आत सरकतो. विषाणू चेतागाठीत खरोखर झोपलेला असतो हे स्टीव्हन्स आणि कुक यांनी १९७१ मध्ये उंदरांत सिद्ध केले, आणि लगेच पुढच्या वर्षी सशाच्या ट्रायजेमिनल गाठीतही, म्हणजे चेहऱ्याच्या व डोळ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीतही, तेच आढळले. औषधांचीही हीच कथा आहे. हर्बर्ट कॉफमन यांनी १९६२ मध्ये आयडॉक्सयुरिडीन हे औषध सशांच्या आणि मग रुग्णांच्या डोळ्यांत वापरून दाखवले. विषाणूविरोधी औषध माणसात उपयोगी पडल्याचे ते पहिले ठळक उदाहरण मानले जाते.

४. ससा की उंदीर? दोघांपैकी माणसाच्या जवळचे कोण?

हे काय विचारायचे आहे यावर अवलंबून आहे. सशाचा डोळा मोठा, तपासायला सोपा, आणि त्याची एक गोष्ट उंदरात जवळजवळ नसते: सशात झोपलेला विषाणू काही न करताही अधूनमधून आपणहून जागा होतो आणि अश्रूंत उतरतो, अगदी माणसासारखा. उंदरात तो झोपला की बहुधा झोपूनच राहतो. त्याला मुद्दाम उठवावे लागते (प्रश्न ११). याउलट उंदराच्या प्रतिकारशक्तीचा एकेक धागा ओळखायला प्रतिपिंडे उपलब्ध आहेत आणि एखादे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार मिळतात. म्हणून ‘रोग का उलटतो’ हे सशाला विचारतात, तर ‘नुकसान कोण करते’ हे उंदराला.

उंदराचे पारपटल सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचे, तर माणसाचे अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त. एवढ्या पातळ पडद्यातील सूज माणसाच्या सुजेशी जशीच्या तशी जोडणे धोक्याचे असते.

५. संसर्ग केल्यानंतर उंदराच्या डोळ्यात दिवसागणिक काय दिसते?

प्रयोगाची नेहमीची पद्धत अशी. उंदराला भूल देतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईच्या टोकाने पारपटलाच्या वरच्या थरावर आडव्या-उभ्या हलक्या रेघा ओढतात, चौकटीच्या वहीच्या पानासारख्या. त्यावर तीन ते पाच मायक्रोलिटरचा, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा, विषाणूचा थेंब सोडतात. (या रेघांचा वाद प्रश्न ७ मध्ये आहे.)

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्यात फ्लुओरेसीन हा रंग घालून कोबाल्ट निळ्या प्रकाशात पाहिले, तर पारपटलावर फांद्या फुटलेली हिरवी रेघ चमकताना दिसते आणि फांद्यांच्या टोकाला बोंडासारखे गोळे असतात. माणसाच्या डोळ्यातही नेत्रवैद्य हाच आकार शोधतात. हा वरच्या थराचा रोग असून विषाणू पेशी फोडत चालल्याने तो होतो. चार-पाच दिवसांत ही जखम भरू लागते, आणि साधारण सातव्या दिवसापर्यंत अश्रूंच्या बोळ्यातून जिवंत विषाणू मिळणे थांबते.

प्रयोग इथेच संपला असे नवख्याला वाटते. पण सातव्या-आठव्या दिवसापासून पारपटलाच्या मधल्या थरात धुरकटपणा येऊ लागतो, कडेकडून रक्तवाहिन्या झाडाच्या मुळ्यांसारख्या आत शिरतात, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास रोग शिगेला पोचतो. त्या वेळी काही डोळ्यांत बाहुली कुठे आहे हेसुद्धा बाहेरून सांगता येत नाही. या अपारदर्शकतेला शून्यापासून चार किंवा पाचपर्यंत गुण देतात. कोणत्या पिंजऱ्यात कोणता वाण आहे हे गुण देणाऱ्याला ठाऊक नसावे, असा चांगल्या प्रयोगशाळेचा दंडक असतो.

६. विषाणू निघून गेल्यावर रोग वाढतो हे कसे? मग नुकसान करतो तरी कोण?

या संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे असे माझे मत आहे. म्हणून उत्तर थोडे लांबेल.

थायमस ग्रंथी नसलेल्या, म्हणजे टी पेशी नसलेल्या उंदरांना संसर्ग केला, तर मधल्या थराचा तो विशिष्ट रोग होत नाही. मात्र विषाणूला आवर घालणारे कोणी नसल्याने असे उंदीर मेंदूच्या संसर्गाने दगावतात. त्यांना टी पेशी दिल्या की पारपटल धुरकट होते. पुढच्या प्रयोगांतून या नाटकाचे सूत्रधार सीडी४ जातीच्या टी पेशी असल्याचे दिसले; प्रत्यक्ष तोडफोड बरीचशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी करतात. थोडक्यात, आग लावतो विषाणू, पण घराच्या भिंती पडतात त्या बंबाच्या पाण्याने.

या टी पेशी पारपटलात नेमके काय ओळखतात यावर मोठा वाद झाला. १९९८ मध्ये असा दावा झाला की विषाणूच्या यूएल६ या प्रथिनाचा एक तुकडा पारपटलातील प्रथिनासारखा दिसतो, म्हणून टी पेशी फसून स्वतःच्याच डोळ्यावर हल्ला करतात. कल्पना देखणी होती आणि पाठ्यपुस्तकांतही गेली. परंतु नंतर इतर प्रयोगशाळांना तिला दुजोरा मिळाला नाही. रुग्णांच्या पारपटलातून काढलेल्या टी पेशीही विषाणूलाच ओळखणाऱ्या निघाल्या. शिवाय ज्यांच्या टी पेशी विषाणूशी काहीही संबंध नसलेला पदार्थ ओळखतात, अशा उंदरांतही रोग होऊ शकतो, म्हणजे नुसत्या पेटलेल्या वातावरणानेही टी पेशी चेतवल्या जातात असे दिसले. आज कोणी यूएल६ची गोष्ट निर्विवाद सत्य म्हणून सांगत असेल, तर ती जुनी माहिती समजावी.

तिसरा दोषी बऱ्याच उशिरा लक्षात आला, तो म्हणजे मज्जातंतूंचा नाश. पारपटलातले संवेदी तंतू गेले की डोळा लवत नाही, लवला नाही की पृष्ठभाग कोरडा पडतो, आणि कोरडा पृष्ठभाग सूज आणखी वाढवतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संसर्ग झालेल्या उंदरांच्या पापण्या टाके घालून बंद ठेवल्या, तर रोग बराच सौम्य राहिला. म्हणजे ज्याला आपण ‘वाणाची घातकता’ म्हणून मोजत होतो, त्यातला काही भाग निव्वळ न लवणाऱ्या पापणीचा होता.

७. डोळ्याला सर्वांत घातक वाण कोणता? आणि सुईने ओरखडे का काढतात?

पहिल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ‘कोणत्या प्राण्यात, किती मात्रेत, कोणत्या पद्धतीने’ हे तीन तपशील जोडल्याशिवाय ‘घातक’ या शब्दाला या क्षेत्रात अर्थ नाही.

तरीही काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या आहेत. मॅक्रे हा वाण इतका जोमदार आहे की ओरखडे न काढता, डोळ्यात नुसता थेंब टाकूनही तो पारपटलात पाय रोवतो. उंदरांत याची नेहमीची मात्रा डोळ्यामागे सुमारे दोन लाख संसर्गक्षम विषाणूकणांची असते. बाल्ब/सी जातीचे बरेच उंदीर त्या मात्रेला मेंदूच्या संसर्गाने मरतात. केओएसला मात्र बहुधा ओरखड्यांची मदत लागते, आणि डोळ्यातून मेंदूपर्यंत जाण्यात तो दुबळा आहे. आरई हा वाण मधल्या थराचा रोग हमखास घडवतो, म्हणून त्या रोगाचा अभ्यास करणाऱ्यांचा तो आवडता.

ओरखड्यांवरचा आक्षेप योग्य आहे. माणसाच्या डोळ्यात कोणी सुईने रेघा ओढत नाही. रुग्णात रोग बहुधा आतून, चेतागाठीतून उतरलेल्या विषाणूमुळे होतो. ओरखड्यांमुळे स्वतंत्रपणे सूज येते आणि ती विषाणूच्या खात्यावर जमा होते. म्हणून विषाणूशिवाय नुसते ओरखडे काढलेला गट तुलनेला ठेवलेला नसेल, तर तो प्रयोग अपुरा मानावा.

८. रोगाचा आकार विषाणू ठरवतो की रुग्णाचे शरीर?

दोन्ही. आधी विषाणूची बाजू पाहू. कॉफमन यांच्या गटाने १९८० च्या सुमारास रुग्णांकडून मिळालेले वेगवेगळे विषाणू सशांच्या डोळ्यांत घातले, तेव्हा प्रत्येकाची जखम आपापल्या वळणाची निघाली; कुठे बारीक फांद्या, कुठे नकाशासारखा पसरलेला व्रण. १९८२ मध्ये त्याच परंपरेतील संशोधनाने दाखवले की हा आकार विषाणूच्या डीएनएच्या विशिष्ट भागाशी बांधलेला आहे.

आता शरीराची बाजू. १९७५ मध्ये कार्लोस लोपेझ यांनी उंदरांच्या जातींची तुलना करून सांगितले की हर्पिसला तोंड देण्याची क्षमता आनुवंशिक आहे. सी५७ ब्लॅक/६ जातीचे उंदीर चिवट, तर बाल्ब/सी नाजूक. पुढे डोळ्यातही हाच क्रम दिसला. पण इथे एक अपवाद आहे, आणि परीक्षेत नेमका तोच विचारतात: सी५७ ब्लॅक/६ चा चिवटपणा केओएससमोर टिकतो, आरईसमोर बराचसा गळून पडतो. म्हणजे ‘प्रतिकारक उंदीर’ हे विशेषणही वाणाचे नाव घेतल्याशिवाय अपुरे आहे. प्रश्न ७ मधलाच मुद्दा, फक्त उलट्या बाजूने.

९. दोन सौम्य वाण एकत्र आले तर रोग सौम्यच राहील ना?

याचे उत्तर अनेकांना धक्का देते. १९८६ मध्ये जेव्हिए, सेदाराती आणि स्टीव्हन्स यांनी दोन निरुपद्रवी वाण एकाच वेळी उंदरांच्या पावलात टोचले, तेव्हा त्यांतून जीवघेणे संकरित विषाणू तयार झाले. डोळ्याबाबत असेच काम विस्कॉन्सिन येथील कर्टिस ब्रँट आणि सहकाऱ्यांनी केले. ओडी४ आणि सीजे९९४ हे दोन वाण एकेकटे डोळ्याला फारसा त्रास देत नाहीत. मिश्र संसर्गातून मात्र दोघांहूनही उग्र संकरित विषाणू मिळाले. १९९० पासून सुरू झालेल्या या कामाला पुढे पूर्ण जनुकसंच वाचण्याच्या तंत्राची जोड मिळाली, आणि संकरितांच्या मोठ्या संचातून रोगाचे कोणते लक्षण जनुकसंचाच्या कोणत्या भागाशी जुळते हे शोधता येऊ लागले.

यातून निघालेला निष्कर्ष असा की डोळ्याचा रोग घडवणारे एकच ‘खलनायक जनुक’ नाही. अनेक जनुकांचे जुळणे महत्त्वाचे आहे. एका वाणात चांगले जनुक लंगड्या जनुकाशेजारी बसलेले असते; संकरात ते सुटते आणि आपले काम करू लागते.

१०. तरीही, काही जनुकांची नावे सांगता येतील का?

येतील, पण एक सावधगिरी बाळगून: एखादे जनुक काढल्यावर रोग कमी झाला, एवढ्याने नैसर्गिक वाणांतला फरक त्याच जनुकामुळे आहे असे ठरत नाही. गाडीचे चाक काढले तर गाडी थांबते. दोन गाड्यांच्या वेगातला फरक मात्र चाकामुळे असतोच असे नाही.

आयसीपी३४.५ हे प्रथिन नसलेला विषाणू मज्जासंस्थेत दुबळा पडतो, हे १९९० मध्ये शिकागो येथे दाखवले गेले. ग्लायकोप्रोटीन के हे विषाणूच्या आवरणातील प्रथिन मज्जातंतूंतील प्रवेशासाठी आणि डोळ्यातील रोगासाठी महत्त्वाचे आहे. त्याची आणखी एक विचित्र गोष्ट प्रश्न १५ मध्ये येईल. काही वाणांत पेशी एकमेकींत वितळून मोठे गोळे होतात, आणि थाळीत ते दृश्य भयंकर दिसते. पण थाळीत भयंकर दिसणारा वाण डोळ्यातही भयंकर असेल, हा तर्क चुकलेला आहे.

११. विषाणू पुन्हा जागा होतो त्यात वाणांचा काय हात असतो?

बराच मोठा. सशात मॅक्रे वारंवार आपणहून जागा होतो, तर केओएस क्वचितच. सशाच्या डोळ्यावर सौम्य विद्युतप्रवाहाने एपिनेफ्रिन (अ‍ॅड्रेनालिन) पोचवूनही विषाणू उठवता येतो. उंदरात उठवण्यासाठी दोन पद्धती रूढ आहेत: डोळ्यावर अतिनील किरण टाकणे, किंवा उंदराला काही मिनिटे ४३ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून शरीराचे तापमान वाढवणे. तापात किंवा उन्हात फिरून आल्यावर ओठावर फोड येतात असा रुग्णांचा अनुभव आहेच. या पद्धती त्याच्याशी मिळत्याजुळत्या आहेत.

झोपलेल्या विषाणूचे बहुतेक कामकाज बंद असते, पण एक विभाग चालू राहतो. त्याला लॅट म्हणतात. तो १९८७ मध्ये उंदरांच्या चेतागाठीत सापडला. मॅक्रेमधून लॅटचा महत्त्वाचा भाग काढून टाकला, तर सशातील आपोआप जागे होण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटते. दुसऱ्या बाजूने सीडी८ जातीच्या टी पेशी चेतागाठीत पहारा देत बसलेल्या असतात आणि मज्जापेशीला न मारता विषाणूला दाबून ठेवतात. पारपटलातील टी पेशी घर पाडतात असे प्रश्न ६ मध्ये म्हटले. त्याच कुटुंबातल्या या टी पेशी चेतागाठीत राखण करतात.

१२. स्टिरॉइडचे थेंब चांगले की वाईट? प्राण्यांत काय दिसले?

रोग कोणत्या थरात आहे त्यावर हे ठरते. वरच्या थरात विषाणू वाढत असताना स्टिरॉइड दिले तर जखम पसरते, आणि किती पसरते हे सशांत वाणागणिक बदलत असल्याचेही दिसले. मधल्या थरात मात्र नुकसान प्रतिकारशक्तीचे असते (प्रश्न ६), म्हणून तिथे विषाणूविरोधी औषधाच्या आच्छादनाखाली स्टिरॉइड उपयोगी ठरते. अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या मोठ्या चाचण्यांनी माणसांत हेच दाखवले. याच चाचण्यांत वर्षभर असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांत डोळ्यातील रोग पुन्हा उलटण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले.

डोळा लाल झाला की औषधाच्या दुकानातून मागच्या वेळचीच बाटली आणायची, ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्या बाटलीत स्टिरॉइड असेल आणि डोळ्यात फांदीसारखी जखम असेल, तर आठवड्याभरात ती नकाशासारखी पसरू शकते. डोळा लाल आहे एवढ्यावरून हा फरक घरी ओळखता येत नाही. त्यासाठी स्लिट लॅम्प, म्हणजे नेत्रवैद्याचा दिव्यासह सूक्ष्मदर्शक, लागतो.

१३. एका डोळ्यात विषाणू टोचला तर दुसऱ्या डोळ्याचा पडदा जातो, हे खरे आहे का?

खरे आहे. ऑरेल फॉन सिली यांनी १९२४ मध्ये सशांत हे वर्णन केले आणि उंदरांत ते केओएस वाणाने पुन्हा पुन्हा दाखवले गेले आहे. विषाणू पारपटलावर न लावता त्यामागच्या पाण्याने भरलेल्या कप्प्यात टोचतात. ज्या डोळ्यात टोचले त्याचा पुढचा भाग सुजतो, पण त्याचे दृष्टिपटल बहुधा वाचते. आठवड्याभराने विरुद्ध डोळ्याचे दृष्टिपटल मात्र सडू लागते. विषाणू सिलिअरी चेतागाठीतून मेंदूत शिरतो, हायपोथॅलॅमसमधील एका केंद्रातून दुसऱ्या बाजूच्या दृष्टिचेतेत उतरतो आणि तिच्यातून उलट्या दिशेने डोळ्यात येतो. माणसांत दृष्टिपटल झपाट्याने मरण्याचा जो रोग जपानमध्ये १९७१ मध्ये प्रथम नोंदला गेला, त्याच्या अभ्यासाला हा नमुना उपयोगी पडला.

१४. माझ्या मांजराच्या डोळ्यांतून सारखा चिकट स्राव येतो. तिला हर्पिस आहे का, आणि तो मला किंवा मुलांना होईल का?

मांजरांचा स्वतःचा हर्पिस विषाणू असतो, आणि पिलांच्या सर्दी व चिकटलेल्या डोळ्यांचे ते एक प्रमुख कारण आहे. इतरही कारणे असतात, म्हणून निदान पशुवैद्यानेच करावे. तो माणसाला होत नाही, आणि माणसाचा ओठावरचा हर्पिस मांजराला होत असल्याची चिंता करण्याचेही कारण नाही.

विज्ञानाच्या दृष्टीने मांजर हा फार मोलाचा नमुना आहे, कारण इथे विषाणू आणि यजमान यांची गाठ निसर्गानेच घातलेली आहे. मांजराच्या पारपटलावर तशीच फांद्यांची जखम उमटते, विषाणू ट्रायजेमिनल गाठीत तसाच दडतो, आणि घर बदलणे, नवे मांजर येणे अशा ताणाने तसाच उलटतो. गंमत अशी की मांजराच्या हर्पिसचे वाण एकमेकांशी खूपच सारखे आहेत. तरीही एका पिलाला थोडी सर्दी होते तर दुसऱ्याचा डोळा जातो. तिथे वाणापेक्षा यजमानाचे आणि वयाचे पारडे जड दिसते.

एक व्यावहारिक इशारा: माणसाच्या असायक्लोव्हिरच्या गोळ्या मांजराला स्वतःच्या मनाने देऊ नयेत. मांजराच्या विषाणूवर त्या फारशा चालत नाहीत आणि मांजराच्या अस्थिमज्जेला अपाय करतात. पशुवैद्य बहुधा फॅम्सिक्लोव्हिर वापरतात.

१५. लस दिली तर डोळा वाचेल का?

हर्पिस सिम्प्लेक्सविरुद्ध माणसांसाठी मान्यताप्राप्त लस नाही. उंदरांत ग्लायकोप्रोटीन डीची लस टोचली तर मॅक्रेसारख्या उग्र वाणापासूनही चांगले संरक्षण मिळते. पण ग्लायकोप्रोटीन केची लस दिलेल्या उंदरांत संसर्गानंतर पारपटलावरील व्रण लस न दिलेल्यांपेक्षाही वाढले. प्रश्न ६ वाचलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

१६. या प्रयोगांत काम करणाऱ्यांना धोका असतो का? आणि प्राण्यांबाबत नियम काय आहेत?

सिम्प्लेक्सचा धोका मर्यादित आहे. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि जैवसुरक्षेची दुसरी पातळी पुरते. खरी भीती माकडांच्या बी विषाणूची, म्हणजे त्यांच्या हर्पिस विषाणूची, आहे. मॅकॅक माकडांत तो ओठावरच्या फोडांइतकाच किरकोळ असतो, पण माणसात बहुधा मेंदूवर जातो. १९९७ मध्ये अटलांटा येथील यर्कीस केंद्रात माकड हलवताना डोळ्यात द्राव उडालेल्या एका संशोधक तरुणीचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर डोळ्यांच्या संरक्षणाचे नियम कडक झाले. आपल्याकडची लाल तोंडाची माकडे मॅकॅकच असल्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील केंद्रीय समितीच्या देखरेखीखाली आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या परवानगीनेच करता येतात. नेत्रसंशोधनातील संकेत असा की प्राणी पूर्ण आंधळा होऊ नये यासाठी, सबळ कारण नसेल तर, एकाच डोळ्याला संसर्ग करावा.

१७. माझ्या तपासणी अहवालात फक्त ‘प्रकार एक’ लिहिले आहे. वाण कोणता हे शोधून घ्यावे का?

नको. रुग्णालयातील पीसीआर तपासणी विषाणू आहे की नाही आणि त्याचा प्रकार कोणता एवढेच सांगते. वाण ओळखण्यासाठी जनुकसंच वाचावा लागतो. तो वाचला तरी आज उपचार बदलत नाहीत. मॅक्रे, केओएस ही नावे प्रयोगशाळेतल्या कुप्यांची आहेत, तुमच्या डोळ्यातल्या विषाणूची नव्हेत. त्याला कोणी नाव दिलेले नाही. औषध चालू असूनही जखम भरत नसेल, तर विषाणू औषधाला दाद देईनासा झाला आहे का हे तपासता येते, आणि डॉक्टरांना विचारण्याजोगा प्रश्न तो आहे.